कोठीची किल्ली कोणाकडे?

पुनरुत्थान काळातील पाचवा रविवार (वर्ष अ)
वाचने : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ पेत्र २:४-९, योहान १४:१-१२



आजच्या पहिल्या वाचनात एक तक्रार आहे. आरंभीची ख्रिस्तसभा कशी एकदिलाने राहत होती, सर्व काही सामाईक कसे होते, कुणालाही काही उणे कसे पडत नव्हते, हे आपण पुनरुत्थान काळात पुन्हा पुन्हा ऐकतो. आणि सहाव्या अध्यायात येऊन पोहोचतो तो काय, कुरकुर सुरू झालेली! ही कुरकुर श्रद्धेच्या एखाद्या गूढ तत्त्वावरून नाही. ती आहे जेवणावरून. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते.

या विधवा कोण होत्या? अभ्यासक सांगतात की परदेशांत विखुरलेले अनेक यहुदी उतारवयात यरुशलेमला येऊन राहत. पतीच्या मागे त्यांच्या बायका तिथे एकट्या पडत. मुलेबाळे दूर, भाऊबंद दूर, भाषा वेगळी. ज्यांच्या हातात वाटप होते त्यांनी मुद्दाम अन्याय केला असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. मला वाटते, कोठीवर बसलेला माणूस आपल्या ओळखीच्या घरांना आधी हाक मारत असावा. ज्यांची नावे त्याला ठाऊक नव्हती आणि ज्यांची भाषा त्याला नीट कळत नव्हती, त्या घरांपर्यंत पोहोचेतो टोपली रिकामी होत असावी. बस्स, एवढेच. उपाशी ठेवायला दुष्टपणाच लागतो असे नाही, हो ना?

आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. ‘अहो, एवढे फुकट मिळतेय, वर तक्रार कसली?’ असे ते म्हणाले नाहीत. ‘प्रार्थना करा, सहन करा’ असेही म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांची सभा बोलावली, सात माणसे निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हे सात जण कसे हवे होते? चांगल्या नावलौकिकाचे, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने परिपूर्ण. जेवण वाढण्यासाठी! एरवी अशा कामाला आपण ‘कुणीही चालेल’ म्हणतो.

आणखी एक गोष्ट. त्या सात जणांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. साती नावे ग्रीक आहेत. निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीसुद्धा नाही. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती कोठीची किल्ली दिली गेली. हे वाचन मी अनेकदा वाचले आहे. प्रत्येक वेळी मला या नावांपाशी थांबावेसे वाटते.

आज या वाचनाच्या प्रकाशात मी तुमच्याशी घरदार सुटलेल्या माणसांविषयी बोलणार आहे. आणि त्यांना मदत करणे म्हणजे नेमके काय काय करणे, याविषयीही. कारण मणिपूरच्या विस्थापितांसाठी आपल्या धर्मग्रामात निधी गोळा व्हायचा आहे आणि त्याबद्दल तुमच्यापैकी अनेकांनी मला निरनिराळे प्रश्न विचारले आहेत.

‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो. त्यांच्यात फरक आहे तो एका रेषेचा. जिवाच्या भीतीने पळणारा माणूस देशाची सीमा ओलांडून गेला की तो निर्वासित होतो. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र कार्यालय आहे. पण तोच माणूस सीमेच्या अलीकडे थांबला तर तो विस्थापित. तो आपल्याच देशात असतो, आपल्याच सरकारच्या जबाबदारीवर असतो. कधी कधी तर ज्या सरकारला त्याचे घर वाचवता आले नाही त्याच्याच दारात त्याला उभे राहावे लागते. १९९८ मध्ये फ्रान्सिस डेंग या सुदानी मुत्सद्द्याच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी विस्थापितांसाठी तीस मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती चांगली आहेत. पण तो करार नाही, त्यामुळे ती पाळली नाहीत म्हणून कुणाला जाब विचारणे कठीण. २०२४ च्या अखेरीस जगात अशी ८ कोटी ३४ लाख माणसे होती. सर्वांत जास्त सुदानमध्ये, एक कोटीहून अधिक. आपल्याकडे विस्थापित म्हटले की कोयनेचे धरणग्रस्त आठवतात, किल्लारीचे भूकंपग्रस्त आठवतात. तेही याच कुटुंबातले.

पण आज मी तुम्हांला थोडे दूर नेणार आहे, इराकमध्ये. तिथे हे सारे काम ख्रिस्तसभेच्याच अंगावर पडले आणि तिने ते कसे पेलले, हे पाहण्यासारखे आहे.

निनवे हे नाव आपल्याला योना संदेष्ट्यामुळे माहीत आहे. आजचे मोसूल शहर म्हणजे प्राचीन निनवेच्या शेजारचीच वस्ती. मोसूलच्या भोवतालच्या सपाट प्रदेशात अगदी पहिल्या शतकांपासून ख्रिस्ती लोक राहत आले आहेत. कराकोश, बार्टेला, करमलेश, तेलस्कोफ अशी त्यांची गावे. प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलला तिच्याच एका बोलीत हे लोक आजही घरात बोलतात. त्यांच्यातील खाल्डियन लोकांची उपासना आणि आपल्या देशातील सिरो-मलबार बांधवांची उपासना एकाच पौर्वात्य सिरियाक परंपरेतली; तेव्हा हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत.

१० जून २०१४ रोजी मोसूल ‘इस्लामिक स्टेट’च्या अतिरेक्यांच्या हाती पडले. जुलैमध्ये तेथील ख्रिस्ती लोकांना बजावण्यात आले : धर्म सोडा, कर भरा, शहर सोडा, नाहीतर मरा. त्यांच्या घरांवर अरबी ‘नून’ हे अक्षर रंगवण्यात आले. नून म्हणजे ‘नसरानी’, नासरेथकर. २४ जुलैला योना संदेष्ट्याच्या नावाची मोसूलमधील प्राचीन वास्तू सुरुंगाने उडवण्यात आली. मग ६ ऑगस्ट आला, प्रभूच्या रूपांतराचा सण. त्या दिवशी सकाळी कराकोशमध्ये तोफगोळा पडून दोन लहान मुले आणि एक तरुणी मृत्युमुखी पडली. रात्री संरक्षणासाठी उभे असलेले कुर्दी सैनिक माघारी फिरले. चर्चच्या घंटा वाजू लागल्या आणि सुमारे पन्नास हजार वस्तीचे ते गाव एका रात्रीत रिकामे झाले. सर्व गावांतून मिळून जवळपास १ लाख २० हजार ख्रिस्ती लोक कुर्दिस्तानकडे निघाले. त्याच आठवड्यात सिंजार भागातून लाखो यझिदी लोक पळाले. त्यांच्यावर जे ओढवले ते याहूनही भयंकर होते.

७ ऑगस्टची सकाळ एर्बिल शहराला लागून असलेल्या अंकावा या ख्रिस्ती वस्तीत उजाडली तेव्हा चर्चची आवारे, शाळांचे वर्ग, रस्त्यांच्या कडा माणसांनी भरून गेल्या होत्या. चाळीस अंशांच्या वर उन्हाळा. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसे. एर्बिलचे खाल्डियन महागुरुस्वामी बशर वारदा यांच्याकडे ना सैन्य होते ना सरकारी खजिना. होती ती काही चर्चेस, काही शाळा, थोडे धर्मगुरू, आणि मोसूल-कराकोशहून स्वतःच पळून आलेल्या डोमिनिकन धर्मभगिनी.

अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस सोपे असतात, असे म्हटले तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे. पहिल्या दिवसांत सगळेच धावून येतात. कुणी पातेले आणतो, कुणी गादी. कठीण असतो तो चाळिसावा दिवस, दोनशेवा दिवस. पाहुणे जात नाहीत, मदत आटते, हिवाळा येतो.

तिथेही तसेच झाले. आधी चर्चच्या बागांत तंबू ठोकले गेले. मग अर्धवट बांधलेल्या एका व्यापारी संकुलात पडदे-फळ्यांच्या आडोशाने शेकडो कुटुंबांची सोय करण्यात आली. त्यानंतर पत्र्याच्या तयार खोल्या आल्या. एका खोलीत एक कुटुंब. आणि पुढे चर्चने शहरात घरे भाड्याने घेतली, एकेका घरात दोन-तीन कुटुंबे ठेवली आणि भाडे स्वतः भरले. भाडे भरणे हे काम काही फोटो काढण्यासारखे नाही. धान्याची पोती वाटताना फोटो निघतो. भाड्याच्या पावतीचा कोण काढणार? पण दार बंद करून आपल्या नवऱ्याशी चार शब्द बोलता येणे, मुलीला कपडे बदलायला जागा असणे, हे त्या कुटुंबांना पोत्याहून अधिक हवे होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ख्रिस्ती कुटुंबांतील बहुतेक लोक मोठ्या सरकारी छावण्यांत गेलेच नाहीत. त्यांना तिथे भीती वाटत होती. आणि सरकारी व आंतरराष्ट्रीय मदतीचा ओघ मुख्यतः छावण्यांकडे वाहत होता. परिणाम हा की जो छावणीत नाही तो यादीत नाही, आणि जो यादीत नाही त्याच्यापर्यंत गाडी जात नाही. महागुरुस्वामी वारदा ही व्यथा जगभर सांगत फिरले. यरुशलेमच्या विधवांची व्यथा याहून काय वेगळी होती?

म्हणून मदतकार्याची सुरुवात होते ती यादीपासून. प्रभूनेसुद्धा पाच हजारांना जेवू घालण्याआधी शिष्यांना विचारले की तुमच्याकडे भाकरी किती आहेत, जाऊन पाहा. मग लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांच्या पंक्तींनी हिरवळीवर बसवले. आणि शेवटी उरलेले तुकडे गोळा करून बारा टोपल्या भरल्या. आपण चमत्कार लक्षात ठेवतो. मोजणी, पंक्ती आणि उरलेल्याचा हिशेब विसरतो. मार्काने मात्र तेही लिहून ठेवले आहे.

यादी करणे सोपे वाटते. करून पाहा! यादी कुटुंबप्रमुखाच्या नावाने केली तर दिराच्या घरी राहणाऱ्या विधवेचे नाव कुठे येणार? कागदपत्रे मागितली तर ज्याचे घरच जळाले त्याने ती कुठून आणायची? रांग लावली तर लंगडणारा म्हातारा शेवटी पोहोचणार. वाटप दुपारी ठेवले तर रोजंदारीवर गेलेला बाप चुकणार, आणि संध्याकाळी ठेवले तर एकटी बाई अंधारातून ओझे घेऊन कशी जाणार? अनुभवी कार्यकर्ते या प्रश्नांची उत्तरे छावणीच्या पुस्तकात शोधत नाहीत. ते आधी छावणीतल्या बायकांना विचारतात, आणि मग वेळ ठरवतात.

१९९७ पासून जगभरच्या मदतसंस्थांनी एकत्र येऊन काही किमान मापे ठरवली आहेत. माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी. डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. वीस माणसांमागे निदान एक शौचालय, स्त्रियांची व पुरुषांची वेगळी, आतून कडी लागणारी, वाटेवर दिवा असलेली. प्रवचनात शौचालयाच्या कडीविषयी बोलायचे का, असे कुणाला वाटेल. पण छावण्यांमध्ये काम केलेली माणसे सांगतात की जिथे कडी आणि दिवा नसतो तिथे बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग आजार येतो. आणि त्या अंधाराचा फायदा घेणारेही असतातच. मदत वाटणाऱ्यांतही असू शकतात. म्हणून तक्रार नोंदवायची सोय अशी हवी की तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात ती पडणार नाही. प्रेषितांनी कुरकुर ऐकून घेतली म्हणून पवित्र आत्म्याला मार्ग मिळाला. दाबली असती तर?

अंकावातील कार्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शाळांची गोष्ट. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ‘एड टू द चर्च इन नीड’ या कॅथलिक संस्थेच्या मदतीने पत्र्याच्या तयार इमारतींच्या आठ शाळा उभ्या राहिल्या. ज्या धर्मभगिनींची स्वतःची मठघरे हातची गेली होती त्यांनीच शाळा आणि बालवाड्या चालवल्या. पुढे २०१५ मध्ये एर्बिलमध्ये कॅथलिक विद्यापीठही सुरू झाले. त्या वेळी कुणी म्हटले असेल, ‘लोकांना खायला नाही आणि विद्यापीठ कसले काढता?’ मलाही हा प्रश्न अगदीच गैर वाटत नाही. पण रिकाम्या हातांनी बसून राहिलेला बाप आणि शाळेविना भटकणारा मुलगा यांना फक्त डाळ-तांदूळ देत राहिलो तर दोन वर्षांनी तिथे माणसे उरत नाहीत, खाणारी तोंडे उरतात. शाळा आहे म्हटल्यावर कुटुंब थांबते. उद्याचा विचार करते.

एक प्रश्न मला तुमच्यापैकी काहींनी विचारला आहे, आणि तो मोकळेपणी विचारल्याबद्दल मी आभारी आहे : ‘फादर, आपले पैसे आपल्याच लोकांना जाणार ना?’

अंकावातील लोकांनाही हा प्रश्न पडला होता, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी कठीण होता. काहींची घरे त्यांच्याच शेजाऱ्यांनी लुटली होती. तरीही तेथील ख्रिस्तसभेने यझिदी कुटुंबांना मदत केली आणि मुसलमान कुटुंबांनाही केली. विद्यापीठाचे दारही सर्वांसाठी उघडे ठेवले. हे सोपे नव्हते. ज्याचा मुलगा मारला गेला त्याला ‘सर्वांवर प्रेम कर’ असे इथे बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ख्रिस्तसभेने स्वतःसाठी एक नियम मान्य केलेला आहे. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी आचारसंहिता तयार केली, त्यात आपली ‘कारितास इंटरनॅशनालिस’ पहिल्यापासून सहभागी आहे. मदत गरज पाहून द्यायची. जात, धर्म, देश पाहून नाही. आणि मदतीच्या बदल्यात श्रद्धेची मागणी करायची नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मधील आपल्या पहिल्याच परिपत्रकात आजच्या वाचनातील सात सेवकांचा उल्लेख करून हेच स्पष्ट केले : ख्रिस्ती सेवा हे लोकांना ओढून आणण्याचे साधन नव्हे. त्याच पत्रात त्यांनी असेही सांगितले की सेवा करणाऱ्याला कामाचे शिक्षण आधी हवे, पण तेवढ्याने भागत नाही, अंतःकरणही घडलेले हवे. चांगल्या मनाने केलेले भोंगळ काम त्यांना मान्य नव्हते.

मणिपूरच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. मे २०२३ मध्ये तिथे हिंसाचार उसळला आणि साठ हजारांच्या आसपास लोक घरांतून हुसकले गेले. त्यांत कुकी-झो होते, मैतेईही होते. चर्चेस जळाली, त्यांत मैतेई ख्रिस्ती लोकांची प्रार्थनामंदिरेही होती. दोन्ही बाजूंना मदतछावण्या उभ्या राहिल्या. तिथे ‘आपले’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण हे इतक्या दुरून ठरवायला बसलो तर आपण तेथील भांडणात आणखी एक पक्ष होऊ.

आता पैशांविषयी. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी ग्रीस आणि मासेदोनियातील मंडळ्यांत वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो या रकमेची व्यवस्था सांगतो. तो तीताला पाठवतो, आणि तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवतो. का? एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. देवापुढे प्रामाणिक असणे पौलाला पुरेसे वाटत नाही. माणसांपुढेही ते दिसायला हवे. आठवण करून देतो की बारा प्रेषितांच्या गटातही पैशांची थैली सांभाळणारा एक जण होता, आणि योहान स्पष्ट लिहितो की तो तीतून चोरत असे. तेव्हा ‘चर्चमधली माणसे आहेत, हिशेब कशाला मागायचा?’ असे कृपया म्हणू नका. हिशेब मागा. संत पौल तुमच्या बाजूने आहे. तिसऱ्या शतकातल्या पोप कॉर्नेलियस यांच्या पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद आहे : शेहेचाळीस धर्मगुरू, सात उपयाजक, आणि चर्चच्या आधारावर जगणाऱ्या दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू. छळाच्या काळातसुद्धा त्यांच्याकडे आकडा होता!

वस्तूंविषयीही बोलायला हवे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळी बांधवांनी ते घेतले नाहीत. समुद्राने घर नेले होते, स्वाभिमान नेला नव्हता. त्या कपड्यांची वर्गवारी करायला पुन्हा माणसे लागली, गाड्या लागल्या. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. सरळ रेषेतले रस्ते, रांगेतली घरे. नकाशा सुंदर होता. पण गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, शेत किती लांब पडेल, हे अनेक ठिकाणी घरधन्याला विचारायचे राहून गेले. देणाऱ्याला जे द्यावेसे वाटते आणि घेणाऱ्याला जे हवे असते त्यांत असे अंतर पडते.

निनवेमध्ये परतीची वेळ आली तेव्हा मात्र तेथील मंडळींनी चांगले काम केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कराकोश मुक्त झाले. लोक परत पाहायला गेले तर चर्च आतून जळून काळे पडलेले, त्याच्या अंगणात अतिरेक्यांनी नेमबाजीचा सराव केलेला. मार्च २०१७ मध्ये खाल्डियन, सिरियाक कॅथलिक आणि सिरियाक ऑर्थोडॉक्स या तिन्ही ख्रिस्तसभांनी मिळून पुनर्बांधणी समिती स्थापन केली. शेकडो वर्षे वेगळ्या राहिलेल्या या सभा सिमेंटच्या पोत्यांसाठी एकत्र बसल्या, ही काही लहान गोष्ट नव्हे. समितीने गावोगावी घर न् घर पाहून नोंद केली : पूर्ण पडलेले, जळालेले, थोडे मोडलेले. नुकसान झालेल्या घरांचा आकडा तेरा हजारांच्या जवळ गेला. आधी कमी मोडलेली घरे दुरुस्त करायला घेतली, म्हणजे थोड्या पैशांत जास्त कुटुंबे लवकर परततील. ज्यांचे घर साफ पडले होते त्यांना हे ऐकून कसे वाटले असेल याचाही विचार करा. घर दुरुस्त करणाऱ्या कुटुंबांना जैतुनाची रोपेही देण्यात आली. ७ मार्च २०२१ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस कराकोशच्या त्याच चर्चमध्ये, पुन्हा पांढऱ्या दगडांनी उजळलेल्या मंदिरात, लोकांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले.

सर्व परतले नाहीत. कराकोशमध्ये जवळपास निम्मेच आले. कित्येक कुटुंबे परदेशांत गेली ती गेलीच. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की पित्याच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहेत आणि तो आपल्यासाठी जागा तयार करायला जात आहे. आपण हे वचन बहुधा अंत्यविधीच्या मिस्सात ऐकतो. पण पत्र्याच्या खोलीत दोन वर्षे काढलेल्या आईने ते ऐकले तर तिला ते कसे वाटेल? आणि संत पेत्र ज्यांना जिवंत धोंडे म्हणतो ते लोक कोण होते? त्याच्या पत्राची पहिलीच ओळ सांगते की ते ठिकठिकाणी पांगलेले, परक्या ठिकाणी राहणारे लोक होते. ज्यांना घर नाही त्यांनाच तो म्हणतो की तुम्हीच देवाचे घर आहात.

पोप फ्रान्सिस यांनी २०२० चा स्थलांतरित व निर्वासित दिनाचा संदेश खास देशांतर्गत विस्थापितांविषयी लिहिला होता. त्यात त्यांनी आग्रहाने म्हटले की समजून घ्यायचे तर आधी ओळख करून घ्यावी लागते. आकड्यांविषयी बोलताना आपण माणसांविषयी बोलत आहोत हे विसरायचे नाही. ते वर्ष टाळेबंदीचे होते. त्या दिवसांत धर्मग्रामांतून शिध्याच्या पिशव्या भरल्या गेल्या हे आपल्याला आठवते. त्या पिशव्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांतली काही माणसे आता आपल्याच आसपास राहतात. झारखंडहून, ओडिशाहून आलेली कुटुंबे. चाळींतून, बांधकामांवर. ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यात २००८ मध्ये ख्रिस्ती लोकांची हजारो घरे जाळली गेली, पन्नास हजारांहून अधिक लोक जंगलांत आणि छावण्यांत गेले. त्यांतले कितीतरी पुन्हा गावी न जाता कामासाठी शहरांकडे वळले. आपल्या हिंदी मिस्सात मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाने काय पाहिले आहे ते आपण विचारलेले नाही. या कुटुंबांपैकी बहुतेकांची नावे आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाहीत. वहीत नाव नाही म्हणून वॉर्डाच्या सभेचे निमंत्रण नाही, मुलांच्या धर्मशिक्षणाचा निरोप नाही, आजारपणाच्या मदतीची चौकशी नाही. आपल्यापैकी कुणी त्यांना हाकलले नाही. यरुशलेममध्येही कुणी हाकलले नव्हते.

म्हणून सामाजिक समितीशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. मणिपूरसाठी रोख रक्कम किंवा धनादेशच स्वीकारले जातील. कपडे, भांडी, औषधे आणू नयेत. नवी असली तरी नकोत, तिकडे जे लागेल ते तिकडच्या बाजारात मिळते आणि तेथील दुकानदारांनाही जगायचे आहे. रक्कम आपल्या धर्मप्रांताच्या सामाजिक केंद्रामार्फत कारितास इंडियाकडे जाईल आणि गरज पाहून वापरली जावी एवढीच अट आपण घालू. किती जमले, कधी पाठवले, पोहोचल्याची पावती कधी आली, हे याच पत्रकात छापले जाईल.

मोजणीला तीन जण बसतील. दोघांची नावे समितीने सुचवली आहेत. तिसरी व्यक्ती हिंदी मिस्साला येणाऱ्या कुटुंबांनी आपल्यातून निवडायची आहे, आणि हीच व्यक्ती यापुढे आपल्या सामाजिक समितीत बसेल. त्या कुटुंबांची नोंद करण्यासाठी मी या आठवड्यापासून घरोघर जाणार आहे. ज्यांना हिंदी किंवा सादरी बोलता येते आणि सोबत यायची इच्छा आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीपाशी थांबावे. वही आणि पेन माझ्याकडे आहे.

आपले धर्मगुरू